स्टेंट फुकट, डाळ महाग

हार्ट अटॅक म्हणजे शेठ-सावकारांचा रोग, असं आपल्या वस्त्यांत अजून बोललं जातं. "आपल्याले काय होते बाप्पा, आपन तं राबनारे लोकं." हे साफ खोटं आहे. 2016 साली भारतात जेवढी माणसं मेली त्यातली शंभरातली 28 हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांनी मेली. एवढे शेठ या देशात नाहीत. मेले ते हमाल, रिक्षावाले, मिस्त्री, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया. पुलगावातले मेले, हिंगणघाटातले मेले, वर्ध्याच्या झोपडपट्टीतले मेले. त्यांच्या मरणाला पेपरात चौकट नसते. 'छातीत गॅस झाला होता' एवढ्या एका वाक्यात त्यांचा मृत्युलेख संपतो.

52 देशांतल्या माणसांची तपासणी करून 2004 साली 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास छापला गेला. त्यानं सांगितलं की हृदयाच्या पहिल्या झटक्याचं जवळजवळ नव्वद टक्के कारण नऊ गोष्टींत आहे. तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, रोज फळं-भाज्या न मिळणं, अंगमेहनत किंवा व्यायाम नसणं आणि दारूचा हिशोब. त्याच अभ्यासातून पुढं हेही निघालं की आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो. इतर देशांतल्या माणसापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. या नऊ गोष्टींच्या यादीत जातीचा रकाना नाही. पण त्यातली एकेक गोष्ट घेऊन वस्तीत फिरा. ताण कुणाला जास्त? भाजी कुणाला परवडत नाही? रक्तदाब कुणाचा कधीच मोजला जात नाही? जात रकान्यात नसते दोस्तहो, ती प्रत्येक रकान्याच्या बुडाशी बसलेली असते.

आता दवाखान्यात चला. झटका येऊन गेलेल्या माणसाला सुट्टी देताना एक छापील कागद देतात. त्यावर काय असतं? मांसाहार टाळा. सात्विक आहार घ्या. सुकामेवा, सफरचंद, ताजी फळं खा. सकाळी मोकळ्या हवेत फिरा. मन प्रसन्न ठेवा. हा कागद ज्याच्या हातात पडतो तो रोजंदारीवर विटा वाहतो. मोकळी हवा त्याला भरपूर मिळते, तिच्यात सिमेंट असतं. सफरचंद तो हातगाडीवर बघतो. मन प्रसन्न ठेवायचं तर आधी ठेकेदार बदलावा लागेल.

या कागदातला 'सात्विक' हा शब्द नीट बघा. हा वैद्यकाच्या कुठल्या मापात येतो? कोलेस्टेरॉल मोजता येतं. रक्तदाब मोजता येतो. साखर मोजता येते. सत्त्वगुण कुठल्या नळीत मोजतात? सात्विक, राजस, तामस ही वाटणी अन्नाची नाही, ती अन्न खाणाऱ्याची आहे. शतकानुशतकं आपल्याला तामस म्हणून गावाबाहेर ठेवलं, तीच वाटणी आता पांढरा कोट घालून कागदावर आलीय. साबुदाण्याची खिचडी सात्विक, कारण ती उपासाला चालते. म्हणजे नुसता पिठूळ साबुदाणा, वर तेल किंवा तूप, पोषण जवळपास फक्त शेंगदाण्याच्या कुटातलं. श्रीखंड-पुरी सात्विक. डालडात तळलेला नैवेद्य सात्विक. आणि उकडलेलं अंडं तामस! हृदयाच्या धमनीला मनुस्मृती वाचता येत नाही. तिच्या भिंतीत चरबी साचते तेव्हा ती चरबी उपासाच्या ताटातून आली की मटणाच्या रश्श्यातून, हे ती विचारत नाही.

धमनी काय विचारते ते नीट समजून घेऊ, कारण आपल्याला हे कुणी बसून सांगत नाही. रक्तातून चरबी वाहून नेणारे कण असतात. त्यातला एलडीएल नावाचा कण वाढला की तो धमनीच्या अस्तरात शिरतो, तिथं सूज येते, गाठ जमते. एक दिवस ती गाठ फुटते, तिच्यावर रक्त गोठतं, रस्ता बंद होतो, पुढचं स्नायू मरायला लागतं. त्यालाच झटका म्हणायचं. एलडीएल वाढवतात तूप, लोणी, पामतेल, चरबीवालं मटण यातल्या घट्ट चरब्या. सगळ्यात वाईट ती वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी. डालडा 1937 साली बाजारात आला. त्या तुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी 2022 मध्ये. मधल्या 85 वर्षांत गरिबाच्या सणाचा गोडवा त्याच डब्यातून आला. दुसरी गोष्ट मीठ. जास्त मिठानं रक्तदाब वाढतो, वाढलेला दाब धमनी चिरडतो. दिवसाला एका माणसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, फरसाण, पाकिटातले कुरकुरीत प्रकार, सुकी मासळी यात ते न दिसता आत जातं. तिसरी गोष्ट सडलेला पांढरा तांदूळ, मैदा, साखर. यांचा ढीग पोटात गेला की मधुमेह येतो, रक्तातली दुसऱ्या जातीची चरबी वाढते. बस्स. एवढंच आहे. यात पाप नाही, पुण्य नाही, विटाळ नाही.

आणि हे सगळं वर्ध्यात बोलायला पाहिजे. कारण काय खावं याचा उपदेश या देशाला ज्या गावांनी सर्वात जास्त केला त्यात वर्धा पहिलं. 1934 साली ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत त्याचं ठाणं पडलं. जे. सी. कुमारप्पा तिथं बसले. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, साखरेऐवजी गूळ यांचा प्रचार तिथून झाला. 1935 साली गांधींनी मगनवाडीत सोयाबीन खाऊन आणि खाऊ घालून पाहिलं. 1936 साली ते शेगावात राहायला गेले, त्याचंच पुढं सेवाग्राम झालं. तिथंही आहाराचे प्रयोग चालूच राहिले. शेळीचं दूध, कच्च्या भाज्या, कमी मसाला.

त्यात बरोबर काय होतं ते मोकळेपणी मान्य करू, आपण आंधळे विरोधक नाही. गिरणीत घासून पांढरा केलेला तांदूळ वाईट, कोंड्यासकट धान्य चांगलं, हे त्यांनी त्या वेळी सांगितलं आणि पुढं विज्ञानानं ते खरं ठरवलं. पण प्रयोग कोण करतो? ज्याच्या पुढं निवड असते तो. ज्याला चार पदार्थ मिळतात तो त्यातला एक सोडू शकतो. आपल्या आज्यानं मीठ-भाकर खाल्ली तो आहाराचा प्रयोग नव्हता. त्यानं गावकीच्या बदल्यात शिळे तुकडे मागून आणले, ओढून नेलेल्या ढोराचं मांस वाळवून ठेवलं, तो निसर्गोपचार नव्हता. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर 1928 साली अस्पृश्यांना उघडं झालं याचा आजही गौरव होतो. होवो. पण देवळाचं दार उघडणं सोपं होतं, धान्याच्या कोठाराचं दार उघडायला कुणी आलं नाही.

दुसरं. शुद्ध आहारानं शरीर आपोआप शाबूत राहतं हा जो समज या जिल्ह्यातून देशभर गेला, त्याला खुद्द गांधींच्या तब्येतीची नोंदच उत्तर देते. 1937 साली त्यांचा रक्तदाब 194/130 नोंदला गेला आणि 1940 साली 220/110. मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही, चालणं रोजचं, आणि तरी दाब एवढा. यात त्यांची टवाळी करण्यासारखं काही नाही. त्यांच्याभोवती डॉक्टर होते, दाब मोजला जात होता, सर्पगंधा दिली जात होती, विश्रांती दिली जात होती. मुद्दा तोच आहे. ताटातली शुद्धता पुरी पडत नाही. दाब मोजावा लागतो, औषध घ्यावं लागतं, विश्रांती लागते. गांधींना जे तिन्ही मिळालं, ते त्याच जिल्ह्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईला मिळतं का? एवढाच आमचा सवाल आहे.

पवनारकडे वळा. 1979 साली विनोबांनी तिथं गोहत्याबंदीसाठी उपोषण केलं. 1982 च्या नोव्हेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी अन्न आणि औषध नाकारलं आणि देह ठेवला. देशानं त्याला संतपण म्हटलं. 87 वर्षांच्या माणसानं आपल्या मरणाची रीत निवडली, त्यावर आम्ही बोलत नाही. पण अन्न नाकारायचा मान मिळायला आधी अन्न हातात असावं लागतं. आमच्या वस्तीत औषध नाकारत नाहीत, ते संपतं. अन्न सोडत नाहीत, ते पुरत नाही. त्याला कुणी प्रायोपवेशन म्हणत नाही.

बाबासाहेबांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला होता. 1927 साली महाडला त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका म्हणून सांगितलं. ते कुणाच्या देव्हाऱ्यासाठी नव्हतं. फेकलेलं खाणार नाही, उष्टं उचलणार नाही, हा त्यामागचा स्वाभिमान होता. पुढं 1948 साली त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा प्रश्न कसा आहे यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे ताट हे राजकारणाचं मैदान आहे हे त्यांनी आपल्याला शिकवलं. आपण पुतळे बसवले आणि ताट विसरलो.

वर्धा जिल्ह्याच्या ताटाचं काय झालं बघा. आपल्या आया-आज्यांच्या चुलीवर ज्वारीची भाकर होती. तुरीचं वरण होतं, कितीही पातळ असलं तरी. अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ. जवसाची चटणी. आज शहरातले डॉक्टर ज्या ओमेगा-थ्रीच्या गोळ्या लिहून देतात, त्याच जातकुळीची चरबी जवसात भरलेली असते. मोठं पोट भरत नव्हतं त्या जेवणानं, पण जे होतं त्यात कोंडा होता, पालेभाजी होती, डाळ होती. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकारानं गावोगाव आरोग्य विमा चालवला होता, त्याची वर्गणी ज्वारीत घेतली जायची. हंगामात ज्वारी द्यायची, वर्षभर दवाखान्याचा आधार. चांगलं काम होतं, चांगलंच म्हणू. विचार करा, ज्या जिल्ह्यात ज्वारी हे आरोग्याचं नाणं होतं, त्या जिल्ह्यात आज किती घरांत रोज ज्वारीची भाकर होते?

शेतात सोयाबीन आणि कापूस आला. पैशाचं पीक म्हणून आला, पैसा दलालाकडं गेला. गांधींनी मगनवाडीत जे सोयाबीन खाऊन पाहिलं ते आज जिल्हाभर उगवतं, पण आपल्या पोटात येत नाही. कारखान्यात त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना आणि परदेशाला जाते. डाळीसारखा प्रथिनानं भरलेला दाणा दारासमोर पिकतो आणि वस्तीतल्या पोराच्या ताटात पांढरा भात पडतो. याला शेतीचा विकास म्हणतात.

आता रेशनचा हिशोब करा, कागद-पेन्सिल घेऊन करा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. दिवसाला 166 ग्रॅम. तांदूळ आणि गहू. 2023 पासून ते फुकट आहे आणि त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. त्यानं उपासमार अडवली. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचंच माप घ्या. एका माणसाला दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळ 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम. म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो डाळ आणि रोज दोन किलो भाजी. तुमच्या ओळखीच्या किती घरांत येते? एका डाळ शिजवणाऱ्या हातानं सांगा. सरकार जे देतं ते स्वस्तातलं पोटभरू, आणि सरकारचाच शास्त्रज्ञ म्हणतो की भारतीय माणूस ऊर्जेतली शंभरातली 62 घेतो ती नुसत्या भात-पोळी-साखरेतून, आणि तेच मधुमेहाचं मूळ आहे. 2024 साली त्याच पोषण संस्थेनं सांगितलं की देशातल्या रोगांच्या ओझ्यातला 56.4 टक्के वाटा निकस आहाराचा आहे. एका हातानं रोगाचं बी वाटायचं, दुसऱ्या हातानं अहवाल छापायचा.

आणि सणाला काय दिलं? 2022 च्या दिवाळीला राज्य सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला. एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ, एक लिटर पामतेल. चणाडाळ सोडली तर बाकी तिन्ही वस्तू अशा की हृदयरोगाच्या डॉक्टरानं हात जोडून 'कमी करा' म्हणावं. पामतेलात जवळजवळ निम्मी घट्ट चरबी असते. गरिबाचा आनंद एवढाच, की त्याला रोग पिशवीत घालून, वर फोटो छापून दिला जातो.

दुसऱ्या बाजूनं, जे स्वस्तातलं चांगलं होतं ते काढून घेतलं. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली. उच्च न्यायालयानं 2016 साली बाहेरून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी तेवढी उडवली, कत्तलबंदी कायम राहिली. इथं सरळ बोलू. गोमांस हे हृदयाचं औषध नाही. चरबीवालं लाल मांस रोज, भरपूर खाल्लं तर एलडीएल वाढतं, मग ते बैलाचं असो, बकऱ्याचं असो. खारवून वाळवलेलं तर आणखी वाईट. पण कायदा करणाऱ्यांनी कुणाच्या धमनीची काळजी केली होती का? त्यांनी गरिबाचं सर्वात स्वस्त मांस काढून घेतलं आणि त्या जागी डाळ ठेवली नाही, अंडं ठेवलं नाही. जागा रिकामी ठेवली. ती जागा पाच रुपयांच्या पाकिटानं भरून काढली.

अंड्याची गोष्ट तर लाजेनं मान खाली घालावी अशी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. आठवड्यातून एक! नको असेल त्याला केळं होतंच, जबरदस्ती नव्हती. तरी शुद्धतेच्या ठेकेदारांनी बोंब मारली. आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्याचा निधीच थांबवला, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. निरोगी माणसानं दिवसाला एक अंडं खाल्ल्यानं हृदयरोग वाढतो असं बहुतेक मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मग पोराच्या तोंडातलं अंडं कुणाच्या हृदयासाठी काढलं? आंबेडकरी म्हणवणारे किती पुढारी त्या दिवशी रस्त्यावर आले?

पोराच्या तोंडातलं अंडं आणि पन्नाशीतला झटका यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध त्याच्याही आधीचा आहे. आईच्या पोटातला. 1989 साली इंग्लंडात डेव्हिड बार्करनं हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदी काढल्या आणि दाखवलं की जे पोरगं कमी वजनाचं जन्मलं ते म्हातारपणाआधी हृदयरोगानं मरायची शक्यता जास्त. इकडं पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची नोंद ठेवली. त्या बायांची बाळं सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली 3.5 किलोची. पण नवल पुढं आहे. आपलं बाळ हाडानं, मांसानं लहान आणि चरबीनं मात्र तितकं लहान नाही. किडकिडीत दिसणारं, आतून चरबी धरणारं शरीर. ज्या बायांनी पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाल्लं त्यांची बाळं वजनदार निघाली. आणि बऱ्याच बायांच्या रक्तात बी-12 कमी, जे नैसर्गिक अन्नात फक्त दूध, अंडं, मासे, मांस यातूनच मिळतं. असं उपाशी पोटात वाढलेलं शरीर पुढं शहरात येतं, भात-साखर-पामतेलावर पोसलं जातं, आणि चाळिशीतच साखर, दाब, झटका. दोन पिढ्यांची भूक आणि एका पिढीचं पाकीट, या दोन दगडांत आपलं हृदय चेंगरलं जातंय.

म्हणून हृदयरोगाचा पहिला उपाय पन्नाशीतल्या बाप्याच्या ताटात नाही. तो गरोदर बाईच्या ताटात आहे. आणि इथं सवर्णाकडं बोट दाखवून आपली सुटका नाही. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं? मटणाचा चांगला तुकडा कुणाच्या ताटात पडतो? 'सभा होती' म्हणून रात्री दहाला येणाऱ्या कार्यकर्त्याला गरम वाढून, मागं खरवड खाणारी कोण असते? मनुस्मृती चवदार तळ्याच्या गावी जाळली, पण आपल्या चुलीपाशी तिची पानं अजून शाबूत आहेत.

आणखी घरातलंच बोलू. खर्रा! विदर्भाचा राष्ट्रीय खुराक. सुपारी, चुना, तंबाखू, पन्नीत घोटायचं आणि दिवसभर गालात. पोट्टे म्हणतात, "भूक मरते बे, काम व्हते." भूक मारणारी गोष्ट माणूसही मारते. तंबाखू ओढा नाहीतर चघळा, धमनीला दोन्ही वैरीच. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी त्याच्याही कितीतरी आधीपासून, आणि दोन्ही कुठं मिळतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तर्रीवर बोटभर तेल तरंगलं नाही तर आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही. दहा वेळा तापवलेल्या काळ्या तेलातले वडे. जेवणात वरून मीठ. आणि 14 एप्रिलला काय वाटतो आपण? बुंदी, पुरी आणि रंगीत सरबत. ज्या माणसानं मधुमेहानं झिजत झिजत, रात्र रात्र जागून आपल्यासाठी लिहिलं, त्याच्या जयंतीला आपण साखर वाटतो. भावना खरी आहे, पण भावनेनं साखर उतरत नाही.

एक आठवण इतिहासातली. जोतीराव फुल्यांना 1888 साली पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिलं आणि 1890 साली गेले. पक्षाघात आणि हार्ट अटॅक हे सख्खे भाऊ, दोघांचा मोठा बाप रक्तदाब. आज याच फुल्यांच्या नावानं राज्याची जनआरोग्य योजना आहे. तिच्यात अँजिओप्लास्टी बसते, बायपास बसते. चांगलं आहे, तो आपला हक्क आहे, कार्ड काढून ठेवा, भांडून घ्या. पण गोम लक्षात घ्या. झटका आल्यावर सरकार धमनीत स्टेंट घालायला हजारो रुपये देतं, ते पैसे बऱ्याचदा खाजगी दवाखान्याच्या गल्ल्यात जातात. झटका येऊ नये म्हणून लागणाऱ्या डाळीला, अंड्याला, भाजीला पैसा नाही. कारण डाळीत कमिशन नाही. स्टेंट फुकट, डाळ महाग. जो माणूस मरायला टेकलाय त्याच्यावर धंदा होतो, जो जगतोय त्याच्यावर होत नाही.

मग करायचं काय? आपलं नाव आठवा. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. त्या पँथरांची बंदूक आपल्याला ठाऊक आहे. त्यांची न्याहारी ठाऊक नाही. जानेवारी 1969 मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. उपाशी पोर शिकू शकत नाही, एवढा साधा विचार. तो नाश्ता गावोगाव पसरला आणि अमेरिकेच्या पोलीस खात्याचा बडा अधिकारी हूवर त्या नाश्त्यालाच घाबरला. पुढं 1997 साली तिकडंच 'डॅश' नावाचा प्रयोग छापला गेला. भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध, डाळी-दाणे दिले, वजन तेवढंच ठेवलं, मीठही तेवढंच ठेवलं, आणि रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा काही आठवड्यांत 11 नं उतरला. प्रयोगातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती आणि त्यांच्यात फरक जास्त पडला. नीट वाचा. ते जेवण त्या माणसांना फुकट शिजवून दिलं होतं. उपदेशानं दाब उतरला नाही, जेवणानं उतरला.

तेव्हा आमचं म्हणणं कार्यक्रमासकट मांडतो. रेशनवर ज्वारी आणि डाळ पाहिजे, दानाच्या भाषेत नको, कायद्याच्या भाषेत पाहिजे. शाळेत आणि अंगणवाडीत अंडं पाहिजे, ज्याला नको त्याला दुसरं द्या, पण ज्याला हवंय त्याच्या तोंडावर दुसऱ्याचा धर्म बांधू नका. आदिवासी भागात 2015 पासून गरोदर बायांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं पूर्ण जेवण देणं सुरू झालं. वर्धा जिल्हा त्या अनुसूचित क्षेत्रात येत नाही. शहरातल्या झोपडपट्टीतल्या आणि या जिल्ह्यातल्या भूमिहीन बाईचं पोट काय वेगळ्या चामड्याचं आहे? तिला ते जेवण द्या. दवाखान्यांनी आपला कागद फाडावा आणि नवा लिहावा. त्यात 'सात्विक' हा शब्द नको. भाकर किती, डाळ किती, अंडी किती, तेल कुठलं, मीठ किती, आणि रोजीत ते कसं बसवायचं ते सांगा.

आणि सरकारची वाट न बघता आपल्या हातात आहे ते. प्रत्येक विहारात रक्तदाबाचं एक यंत्र ठेवा. रविवारी वंदना झाली की तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा दाब मोजा, वहीत लिहा. 140/90 च्या वर सारखा येत असेल तर धरून दवाखान्यात न्या, गोळी सुरू झाली की ती बंद पडणार नाही याची जबाबदारी शाखेनं घ्यावी. 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनाला उकडलेले चणे, अंडी, ताक, ज्वारीचे प्रकार वाटा. पन्नी घोटणाऱ्या हाताला शाखेत पद नको. छातीत दाब आला, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजत बसू नका, 108 ला फोन लावा. पहिल्या तासाला किंमत आहे.

आपली माणसं चाळिशी-पन्नाशीत उलथतात आणि चळवळ दर दहा वर्षांनी पोरकी होते. अत्याचारानं मेलेल्याचा मोर्चा निघतो, निघालाच पाहिजे. पण निकस ताटानं मेलेल्याचा मोर्चा कधी निघाला? तो खून हळूहळू होतो, त्यात तलवार दिसत नाही, आरोपीचं नाव फिर्यादीत येत नाही. म्हणून तो चालू आहे. त्यांना आपण दोन प्रकारे परवडतो. राबताना जिवंत आणि म्हातारपणी पेन्शन मागायच्या आधी मेलेले. आपण त्यांच्या हिशोबापेक्षा जास्त जगायचं. सत्तर, ऐंशी, नव्वद वर्षं जगायचं, पोरं-नातवंडं शिकवायची, त्यांच्या छातीवर बसून जगायचं. त्यासाठी लागणारी डाळ हिसकावून घ्यावी लागली तर घेऊ.

जयभीम!